खाजा मियाच्या जीपमधला पिवळा पुरावा

"इंजनाच्या पोटातलं ओळखणारा मराठवाड्यात एकच माणूस हाय, अन् तो आत्ता तुमच्या ओसरीवर चहा पिऊन राहिला," पुनमचंद म्हणाला. पूर्वी तो एसटीत कंडक्टर होता. मागच्या सीटवर बसून पुढच्या इंजनाचा गुन्हा पकडायचो, असं तो सांगे. आता डोंगरकडा गावच्या स्टँडवर त्याचं गॅरेज होतं.

खाजा मिया ऐकत होता. बायको, खुर्शीदबी, वारली तेव्हापासून त्याची जुनी जीप पाणी पिऊन राहिली होती. उभ्या गाडीखाली थेंब नाही. चालली की रेडिएटर रिकामा आणि इंजन लालबुंद. "अब्बा, येत्या बाजारापर्यंत बराबर झाली तर ठीक, न्हाई तर भंगारात," मुलगा अबूबकर म्हणाला होता. जीपच्या डाव्या सीटवर खुर्शीदबीची उशी अजून तशीच होती.

पुनमचंदनं गाडी सुरू केली, मागं गेला आणि ओरडला, "पांढरा धूर! इंजनाचं हेड गेलं! पाणी इंजनात जळून राहिलं!"

"भाऊ, शेजारी हळद शिजवून राहिलेत. तो धूर तिकडला हाय," खाजा मिया म्हणाला.

"गुन्हेगार नेहमी गर्दीतच लपतो," पुनमचंद म्हणाला आणि पाने काढले.

हेड उतरलं. पाण्याच्या वाटांमध्ये पिवळा गाळ होता. पुनमचंदनं तो बोटावर घेऊन हुंगला.

"मला सर्दी हाय, पण सांगतो. दुष्मनीनं कोणीतरी काहीतरी टाकलंय."

"माझ्याशी कोण दुष्मनी करतं?"

"तुमच्याशी न्हाई, तुमच्या जीपशी. तिचे दुष्मन येगळे."

हेड वसमतला लेथवर गेलं. लेथवाला म्हणाला, हे तर सरळच हाय. "सरळ दिसणारेच बनेल असतात," असं म्हणून पुनमचंदनं तरीही ते घासून घेतलं. व्हॉल्व्हना पेस्ट लावून ते घासून बसवले, नवं गॅस्केट टाकलं, बोल्ट आवळले. शेवटी रेडिएटर धुऊन सगळा पुरावा नालीत सोडून दिला.

जीप सुरू झाली. आता उभ्या उभ्याच खालून धार लागली.

अबूबकरनं भंगारवाल्यासाठी फोन काढला. खाजा मिया उशीकडं बघत राहिला.

बाळंतपणाला माहेरी गेलेली सून, अफशीन, त्याच दुपारी लेकरू घेऊन परतली होती. गाडीखालची धार बघून तिनं दारातूनच विचारलं, "रेडिएटर धुतला का काय?"

"चकाचक!" पुनमचंद म्हणाला.

"म्हणजे अम्मीची हळद गेली."

सगळे तिच्याकडं वळले.

"अम्मी सकाळी पाणी भरायच्या, तवा मूठभर हळद टाकायच्या. तळाला बारीक छिद्र हाय. हळद फुगून तिथं बसते."

"मला काहून न्हाई सांगितलं?" खाजा मियानं विचारलं.

"तुमी नमाजला गेलेले असायचे. अन् अम्मी म्हणायच्या, आपली गाडी कधी तकलीफ देत न्हाई असं साऱ्या गावाला सांगत फिरतात. फिरू दे त्यांना."

"मी म्हणलोच होतो," पुनमचंद म्हणाला, "कोणीतरी काहीतरी टाकून राहिलं."

"टाकायची," खाजा मिया म्हणाला.

अफशीननं हळदीचा डबा आणला. खाजा मियानं मूठ भरली आणि थांबला.

"तिची मूठ केवढी होती गं?"

"माझ्याहून लहान."

त्यानं अर्धी हळद डब्यात परत टाकली, उरलेली रेडिएटरच्या पाण्यात सोडली आणि जीप सुरू केली. इंजन तापलं. धारेचे थेंब झाले, मग थेंबही थांबले. अबूबकरनं फोन खिशात घातला.

खाजा मियानं उशी झटकली आणि डबा तिच्यावर ठेवला.