करंगळीएवढी जागा

जॉबरतात्यांचं पहिलं दर्शन मला झालं ते पाठमोरं. शाळेतून घरी आलो, सायकल भिंतीला टेकवली, पायांवर पाणी घेऊन पुन्हा बाहेर आलो, तर एक अनोळखी म्हातारा माझ्या सायकलीपुढे उकिडवा बसलेला. डोक्याला विटका फेटा, अंगात खाकी कोट, आणि उजव्या हाताची करंगळी माझ्या पुढच्या चाकाच्या आणि ते धरणाऱ्या चिमट्याच्या मधे घातलेली. दुसऱ्या हाताने ते चाक हळूहळू फिरवत होते. मी खाकरलो. मान न वळवताच त्यांनी विचारलं,

"गुरुजी, ही जागा आदीपासनं हाय, का करून घेतली?"

"कसली जागा?"

"टायर आनि चिमट्याच्या मधली. करंगळी आक्षी सुटी फिरतीया." मग त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं आणि निःश्वास सोडला. "लय नशीबवान हाय तुमी."

त्या दिवशी रेशनच्या दुकानात साखर संपली होती, हेडमास्तरांनी एक तास वाढवून दिला होता आणि घरात रॉकेल नव्हतं. मी नशीबवान आहे हे मला कुणीतरी सांगायला हवंच होतं. पण ते चिमट्यातल्या मोकळ्या जागेवरून सांगितलं जाईल असं वाटलं नव्हतं.

तात्या आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आले होते. सगळा जन्म सांगलीजवळ माधवनगरला एका कापडगिरणीत गेला. मागावरच्या कामगारांवर देखरेख करणारा तो जॉबर, म्हणून लोक त्यांना जॉबरतात्या म्हणत. बायको फार पूर्वी गेलेली. एकुलती एक मुलगी, हौसा, तिला रहिमतपुरात दिलेली. गिरणी सुटल्यावर ते सांगली सोडून साताऱ्याला आले. का आलात, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "हितली हवा बरी." साताऱ्याच्या हवेत माझा सर्दीपडशाने जीव जात होता, त्यामुळे मी त्यावर वाद घातला नाही.

मागांमधे उभं आयुष्य गेल्यामुळे की काय, कोणत्याही दोन वस्तूंच्या मधे करंगळी घालून बघायची त्यांना खोड होती. दार आणि चौकट, चूल आणि भिंत, पाटा आणि कोपरा. कुणी नवी चप्पल घेतली की टाचेमागे यांची करंगळी. "मधी जागा पायजे. लय जवळ आलं की घासतं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. एकदा माझं आणि बायकोचं घेवड्याच्या उसळीवरून भांडण चाललं होतं, तर हे दारातून म्हणाले, "गुरुजी, घासाय लागलं. जरा भायेर चला." मी गेलो. न जाऊन सांगतो कुणाला?

घेवड्यावर मी पुढे येणारच आहे. आधी सायकल.

तात्यांची सायकल विलायती होती. गिरणीतला विणकामाचा साहेब मायदेशी जाताना त्यांना देऊन गेला होता. साहेब हौशी, त्यामुळे सायकल शर्यतीच्या धाटणीची. हलकी, उंच, आणि चिमटा इतका अरुंद की त्यात बारीक टायरच काय तो बसणार. साहेब होता तोवर टायर बोटीने येत. मग साहेब गेला, लढाई आली, जपान्यांनी मलाया घेतला आणि तिकडचं रबर बंद झालं. त्याची झळ कुणाला कुठे लागली असेल ती असो, आमच्या खोल्यांच्या ओळीत ती तात्यांच्या मागच्या चाकाला लागली.

त्या चाकाचं टायर म्हणजे टायराची आठवण होती. नक्षी झिजून गुळगुळीत, कडेचं सूत बाहेर आलेलं, दोन ठिकाणी चांभाराकडून शिवून घेतलेलं, आतून जुन्या टायराचे तुकडे घातलेले. ते बदलायचं या एका विषयावर तात्या माझ्याशी सकाळी बोलत, संध्याकाळी बोलत, मी दात घासत असताना बोलत. टायर स्वस्त पाहिजे, खडीच्या रस्त्यावर टिकलं पाहिजे आणि चिमट्यात बसून वर करंगळीएवढी जागा उरली पाहिजे. या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत, हे मला त्यांच्याकडे बघून कधीच कळलं होतं. स्वस्त असे ते टिकाऊ नसे, टिकाऊ असे ते जाड असे, आणि बारीक असे ते बाजारात नसे.

पोवई नाक्याजवळच्या दस्तगीरच्या दुकानात आम्ही दर आठवड्याला जायचो. आम्ही म्हणजे तात्या, आणि त्यांनी ओढून नेलेला मी. दस्तगीर बिचारा खालच्या फळीवरनं देशी टायर काढायचा. "घ्या तात्या, बैलगाडीला लावा, फाटायचं नाही."

तात्या ते चाकावर चढवून घ्यायचे, चिमट्यात बसवायचे आणि करंगळी पुढे करायचे. करंगळी सोडाच, तिथं पोस्टकार्ड गेलं नसतं.

"घासतंय," तात्या म्हणायचे.

"मडगार्ड काढा की मग. आपसूक जागा होईल."

"व्हय, आनि चिखलाची रेघ पाठीवर घिऊन लेकीच्या गावात जाऊ? व्याही काय म्हनंल?"

"मग सायकल विका."

यावर तात्या करंगळी कोटाला पुसत. दस्तगीर माझ्याकडे बघायचा, मी वर आढ्याकडे बघायचो, आणि टायर पुन्हा फळीवर जायचं.

आता घेवडा. रहिमतपूरच्या बाजारच्या दिवशी तात्या पहाटे सायकल काढत. साताऱ्याहून रहिमतपूर काही हाकेवर नाही, पण कोरेगाव भागातल्या घेवड्याला तोड नाही, आणि तो तिथंच जाऊन घ्यावा, असं त्यांचं म्हणणं. एकटा माणूस असा किती घेवडा खाणार? तो सगळा आमच्या घरी यायचा. घेवड्याची उसळ, घेवड्याची आमटी, पुन्हा उसळ. बायको म्हणायची, "त्यांना सांगा, आता पुरे." मी सांगायला जायचो आणि टायराची हकिकत ऐकून परत यायचो.

ते परतायचे दिवस मावळताना, दमून, हातांना ट्यूबचं काळं लागलेलं.

"पंचर?"

"व्हय."

"कुठं?"

"रहिमतपुरात. हौसाच्या घराजवळ." मग ओट्यावर टेकून सांगत राहायचे. पंक्चर शोधायला वेळ लागला. हौसानं घमेलंभर पाणी आणून दिलं. तिची म्हैस व्याली. तिच्या हाताला चटका बसलाय, पण बरा आहे. ती वाळल्यासारखी दिसते, पण सासू म्हणते उन्हानं. असं ते सांगत, आणि त्या टायराला शिव्या देत. मी आंबट तोंडाने ऐकत असे, कारण सगळ्या तालुक्यातले बाभळीचे काटे एकाच गल्लीत जमतात याचं मला नवल वाटे, आणि नवल करायलाही त्या दिवसांत अंगात त्राण नसे.

शेवटी मीच कंटाळलो. सांगलीत माझा मेव्हणा असतो, त्याला सांगून ठेवलं. त्याला एका बंद पडत आलेल्या दुकानात माळ्यावर विलायती बारीक टायरांची जोडी सापडली. लढाईच्या आधीचा माल, जाड टायरांच्या जमान्यात कुणी विचारला नव्हता, म्हणून पडून राहिलेला. दुकानदाराने अडगळ गेली म्हणून स्वस्तात दिला. मेव्हण्याने ती जोडी गोणपाटात गुंडाळून आणली, तेव्हा मला सत्यनारायण घालावासा वाटला.

दस्तगीरच्या दुकानात ती चढवली. तात्यांनी चाक फिरवलं, करंगळी घातली. करंगळी सुटी फिरली. दस्तगीरने टायर अंगठ्याने दाबून बघितलं आणि म्हणाला, "तात्या, तुमच्या हयातीत आता पंक्चर नाही."

तात्यांनी करंगळी काढून घेतली. "झ्याक हाय," एवढंच म्हणाले. एवढ्या महिन्यांच्या खटपटीनंतर माणसाचा चेहरा जरा तरी उजळावा! मला राग आला. आजकाल उपकाराचीही कुणाला किंमत नाही, असं मी घरी येऊन बोललोसुद्धा.

पुढच्या बाजारी तात्या पहाटे गेले ते दुपारच्या आधी परत आले. घेवडा आमच्या उंबऱ्यात ठेवला.

"लवकर आलात?"

"पंचरच न्हाई झालं."

"मग चांगलंच की!"

"चांगलंच." ते खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. त्याच्या पुढच्या बाजारीही तसंच. हौसाची हकिकत नाही, म्हशीची नाही, टायराला शिव्या नाहीत. म्हातारा जेवेनासा झाला. बायकोने भाकरी नेऊन दिली ती संध्याकाळी तशीच होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, एवढं माझ्या लक्षात आलं, पण मारुती कुठे झाला ते कळेना.

ते कळलं पुढच्या बाजारी. शाळेच्या कामासाठी मला रहिमतपूरला जायचं होतं. तात्यांना म्हटलं, मीही सोबत येतो. कृष्णेचा पूल ओलांडला. गाव दिसायला लागलं तसं एका पिंपळाखाली उतरले. सायकल उभी केली. इकडे तिकडे बघितलं, आणि माझ्या देखत मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हचं नट सैल केलं. फुस्स करून हवा गेली. मग नट पुन्हा घट्ट केलं.

"पंचर झालं," तात्या म्हणाले.

"अहो, आत्ता तुम्हीच..."

"गुरुजी." त्यांनी माझ्याकडे न बघता फेटा नीट केला. "टायर लय चांगलं आनलंसा. पर त्या दारात थांबायला कारन ऱ्हायलं न्हाई बगा. बाप लेकीच्या उंबऱ्यात उगंच दिसला की लोकं म्हनत्यात, पोरगी सुखात न्हाई. म्हागल्या दोन बाजारी घरावरनं गेलो. ती दारात हुती. मी घंटी वाजवली आनि गेलो."

इतके दिवस मी घेवडा खात होतो आणि मला वाटत होतं की तो घेवडाच आहे.

दोघं सायकली ढकलत गावात गेलो. हौसाची सासू ओसरीवर धान्य पाखडत होती. आम्हाला बघून तिने सूप थांबवलं. "आता गं बया! पुना पंचर? आवं याही, ती सायकल हाय का चाळन?"

"नवं टायर घातलं, तरी बी," तात्या पडेल आवाजात म्हणाले.

हौसा बाहेर आली. उंच, बापासारखीच लांब बोटांची. तिने बापाकडे बघितलं, मग टायराकडे. आणि ती आत गेली. सासूने मला तांब्याभांडं दिलं. मी गटागटा पाणी प्यालो. तात्यांच्या ओठांना कोरड पडली होती, पण त्यांना कुणी पाणी विचारलं नाही. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. हौसाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. म्हातारा इतक्या लांबून उन्हातून यायचा आणि तहानलेला परत जायचा, हे मला तेव्हा कळलं आणि हातातलं भांडं जड झालं.

हौसाने घमेलंभर पाणी आणून बापापुढे ठेवलं आणि खांबाला टेकून बसली. तात्यांनी टायर उतरवलं, ट्यूब काढली, पंप मारून हवा भरली. ट्यूब टणक झाली. ती थोडी थोडी पाण्यात बुडवत ते फिरवू लागले.

"चटका बरा झाला?"

"झाला. खपली पडली."

"रेडी?"

"उंडारती. दावं तोडती."

"खातीस का नीट?"

"खाते की वो."

ट्यूब पूर्ण फिरली. पाण्यात एक बुडबुडा आला नाही. तात्यांचे हात थांबले. हौसाने ते बघितलं. बापाची पंक्चरं शोधता शोधता तिलाही त्यातलं सगळं कळत होतं.

सासूने सुपाआडून विचारलं, "घावलं का वो?"

तात्यांना खोटं बोलता येईना. त्यांचा चेहरा शाळेतल्या चुकार पोरासारखा झाला. मग मीच बोललो. "फार बारीक छिद्र दिसतंय. टायर मीच आणलं हो सांगलीहून. चांगलाच फसलो." आयुष्यात पहिल्यांदाच फसलो असं सांगताना मला बरं वाटलं.

"मग बसा निवांत. उनाचं कुठं जाताय," म्हणून सासू सूप घेऊन आत गेली.

हौसा उठली. घमेल्यातलं पाणी तिने अंगणात ओतून दिलं. "गढूळ झालंय, तात्या. ह्यात कसं दिसंल?" ती आत गेली, आणि प्यायच्या घागरीतलं, वाळा टाकलेलं गार पाणी घमेल्यात घेऊन आली. त्याचा वास माझ्यापर्यंत आला. ते तिने बापाच्या पुढ्यात सरकवलं आणि हळूच म्हणाली,

"घाई करू नगा. पयल्यापासनं बगा."

तात्यांनी दोन्ही हात मनगटापर्यंत त्या पाण्यात घातले. बराच वेळ तसेच ठेवले. मग ट्यूब पुन्हा पहिल्यापासून फिरवायला घेतली.