सबनीसांच्या घरचे किती?

सबनीसांचा फोन वाजला की ते 'हॅलो' म्हणत नाहीत. "कोण गेलं?" म्हणतात. पलीकडे बँकेतली बाई असो की पार्सल घेऊन दाराशी उभा असलेला माणूस, प्रश्न हाच आणि तोही मराठीत. ड्रेस्डेनच्या जर्मनांना त्यातलं काही कळत नाही, म्हणून अजून कुणी तक्रार केलेली नाही.

आम्ही दोघं एकाच सेमीकंडक्टरच्या कारखान्यात काम करतो आणि एकाच ट्रामने जातो. ट्रामला उशीर झाला की सबनीस म्हणतात, "आटोपलं." वेळेवर आली तर म्हणतात, "वेळेवर कशी आली? पुढे काहीतरी झालेलं असणार. आटोपलं." मला बढती मिळाली तेव्हा त्यांनी माझा हात बराच वेळ हातात धरून ठेवला आणि हळूच म्हणाले, "वर गेलेल्यांनाच आधी काढतात हो." आभाळात ढग नसला तरी काखेत काळी छत्री असतेच. मला त्या छत्रीचाही अधूनमधून राग येतो.

वहिनी होत्या तोवर हे सगळं हसण्यावारी जायचं. "अहो, दूध उतू गेलं की फक्त दूधच उतू गेलेलं असतं," असं त्या म्हणायच्या आणि ओटा पुसायच्या. मग वहिनीच गेल्या. घरात उरले सबनीस आणि त्यांचा मुलगा ओंकार. ओंकार इथेच वाढलेला. बाप मराठीत बोलायचा, तो जर्मनमध्ये उत्तर द्यायचा. परीक्षा, नोकरी, मैत्रीण, त्याने काहीही सांगितलं की बापाचं ठरलेलं, "आटोपलं." एक दिवस त्याने बॅग भरली आणि हाम्बुर्गला निघून गेला. दारातून एवढंच म्हणाला, की पपा, या घरात मला श्वास घेता येत नाही. सबनीसांनी हे मला ट्राममध्ये सांगितलं, खिडकीबाहेर बघत. त्यानंतर ओंकारचा फोन नाही. हल्ली फोन वाजला की सबनीस आधी स्क्रीनवरचं नाव बघतात आणि मगच "कोण गेलं?" विचारतात. तेवढ्या वेळात त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

दरवर्षी पितृपंधरवड्यात ते एल्ब नदीच्या काठच्या कुरणावर वहिनींचं पान ठेवतात. वडे, खीर, सगळं स्वतः करतात. मग छत्री टेकून "काव, काव" करत उभे राहतात. सायकलवाले वळून बघतात, कावळे बघत नाहीत. एकदा मी म्हटलं, "अहो सबनीस, त्यांना मराठी कुठून येणार? आणि आधी टेरमिन घेऊन वेळ ठरवल्याशिवाय जर्मनीत येतं कोण?" ते हसले नाहीत. "तिची इच्छा राहिलीय," म्हणाले. "पोराने घरी यावं, एवढीच. मी कावळ्याला कसा शब्द देऊ?"

तर अशा माणसाला आमच्या लिनने तिच्या चंद्राच्या सणाला बोलावलं. लिन आमच्याच विभागात आहे, चीनमधल्या चेंगडूची. आपल्या भाद्रपदातल्या पौर्णिमेला घरच्यांनी एकत्र बसून चंद्र बघायचा आणि गोड केक खायचा, असा सण. आमच्यापैकी कुणीच तो पाहिलेला नव्हता. सबनीसांनी मोबाइलवर पंचांग उघडलं. "पौर्णिमा? म्हणजे दुसऱ्या दिवसापासून पक्ष. आटोपलं," म्हणाले आणि छत्री घेऊन आले.

एल्बच्या त्याच कुरणावर लिनने आणि तिच्या नवऱ्याने घडीचं टेबल मांडलं होतं. कागदी कंदील, चहा, पपनस आणि वर नक्षी उठवलेले गोल, जाड केक. अजून उजेड होता. लिनने एक केक कापला, आम्हाला तुकडे दिले आणि एक तुकडा निळ्या बशीत घालून टेबलाच्या टोकाला ठेवला. "हा आईचा," ती जर्मनमध्ये म्हणाली आणि चहा ओतायला वळली.

सबनीस माझ्या कानाशी आले. "बिचारीची आई गेली. बघा, कुणाला बोललीसुद्धा नाही."

मरणाच्या बाबतीत आम्ही सबनीसांचा शब्द प्रमाण मानतो. मीही मान हलवली. तेवढ्यात ते बशी उचलून गवतात गेलेसुद्धा. तुकडा खाली ठेवला, हात जोडले आणि म्हणाले, "काव, काव."

आणि कावळा आला! झाडावरून थेट उतरला, तुकड्यावर चोच मारली आणि अर्धा तुकडा घेऊन उडाला. सबनीस पळत टेबलाशी आले. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा असा फुललेला मी पाहिला नव्हता. "लिन, शिवला! लगेच शिवला! तुझ्या आईची काही इच्छा राहिली नाही. ती तृप्त होऊन गेली!" हे सगळं त्यांनी जर्मनमध्ये तिला नीट समजावून सांगितलं.

लिनच्या हातातली किटली तशीच राहिली. "आई? सकाळीच बोलले मी तिच्याशी."

मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने किटली ठेवली आणि फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटलेली. रिंग वाजत राहिली. सबनीस छत्रीच्या मुठीला दोन्ही हातांनी धरून उभे होते. अखेर पलीकडून एक खणखणीत, झोपमोडीने चिडलेला आवाज आला. चिनी कळायची गरज नव्हती. आई ओरडत होती. लिन रडली, मग हसली, मग पुन्हा रडली.

"आई म्हणते, कावळ्यालाही सण आहे. तिच्यासाठी दुसरा तुकडा काप," तिने सांगितलं.

सबनीस खाली बसले. "आमच्यात वेगळं वाढतात ते गेलेल्यांसाठीच गं," ते म्हणाले. "लांब गेलेल्या जिवंत माणसाचं पान आम्ही मांडतच नाही. मला माहीत नव्हतं, असंही असतं."

लिनने तुकडे मोजून कापायला नवा केक पुढे ओढला. "तुमच्या घरचे किती?"

"मी एकटा."

"लांब असलेलेही मोजायचे."

"फक्त जिवंत?"

"फक्त जिवंत."

सबनीसांनी छत्री गवतात ठेवली. मग म्हणाले, "दोन."

लिनच्या आईचा आणि ओंकारचा असे दोन तुकडे घेऊन निळी बशी पुन्हा टेबलाच्या टोकाला गेली. सबनीसांनी बशीचा फोटो काढून हाम्बुर्गला पाठवला आणि फोन बशीशेजारी ठेवला. चंद्र वर आला, लोकांनी चहा संपवला, कंदील विझवले. फोन वाजला नाही. "आटोपलं" असं ते म्हणतील म्हणून मी वाट बघत होतो, पण तेही म्हणाले नाहीत.

"निघू या का?" मी विचारलं.

तेवढ्यात, चंद्राच्या उजेडाला फसून की काय, तो मघाचा कावळा, नाहीतर त्याचा कुणी भाऊबंद, टेबलाच्या कडेला येऊन बसला आणि बशीकडे मान वाकडी करून बघू लागला. ज्याच्यासाठी सबनीसांनी वर्षानुवर्षं या कुरणावर हाका मारल्या होत्या, तो आज न बोलावता आला होता. सबनीस उठले. त्यांनी छत्री उगारली आणि त्याला कळावं म्हणून त्याच्याच भाषेत, जर्मनमध्ये ओरडले, "एर लेब्ट! एर लेब्ट नोख!"

तो जिवंत आहे. अजून जिवंत आहे.

कावळा उडून जवळच्या झाडावर बसला. सबनीस छत्री उगारून बशीपाशी उभेच राहिले.