मार्लिसच्या अक्षराचा तपास

डुलुथ शहरात माझ्याइतका तीक्ष्ण नजरेचा माणूस नाही. सदतीस वर्षं मी रस्त्यावरचा बर्फ काढणारी गाडी चालवली आणि तेवढ्या काळात फक्त चार टपालपेट्या उडवल्या. त्यामुळे मंगळवारी माळ्यावरच्या भिंतीवर मार्लिसचं अक्षर नसल्याचं उघडकीस आलं, तेव्हा तपास कोणी करायचा हा प्रश्नच नव्हता.

मार्लिस माझी बायको. मार्चमध्ये गेली. माळ्यावर तिची शिवणाची खोली व्हायची होती. ड्रायवॉलचे, म्हणजे भिंतीला ठोकायचे जिप्समचे तक्ते गॅरेजमध्ये टेकवलेले असताना तिने एकावर पेन्सिलीने लिहिलं, काय कुठे ठेवायचं ते. मी म्हणालो, "भिंत उभी राहिली की वाचेन." आता भिंत उभी होती. सांध्यांवर पट्टी बसली होती, पुट्टीचे दोन हात झाले होते. अक्षर नव्हतं.

पहिला संशयित माझा साडू एल्मर. शनिवारी पुट्टीला तोच मदतीला होता, आणि ब्रेडवर लोणी फासावं तशी तो पुट्टी फासतो. मी फोन केला.

"शनिवारी दुपारी तू कुठे होतास?"

"तुझ्या माळ्यावर, गाढवा. तुझी शिडी धरून."

जबाब जुळत होता. म्हणून संशय वाढला.

मी दिवा भिंतीला लावून आडवा धरला. असा उजेड पडला की भिंतीचं प्रत्येक पाप दिसतं. बारा उंचवटे सापडले. अक्षर त्यांच्याखालीच दडलंय असं ठरवून मी पॉलिशपेपरने घासत सुटलो. नऊंच्या खाली स्क्रू निघाले. उरलेल्या तिन्हींखाली माझी कारागिरी.

दुसरा तर्क असा की मार्लिसने काही लिहिलंच नव्हतं. हा तर्क दोन मिनिटं टिकला. ती दोन मिनिटं मी जिन्याच्या पायरीवर बसून होतो.

तेवढ्यात मार्लिसची बहीण व्हर्ना ओव्हनमधली गरम हॉटडिश जेवायला घेऊन आली.

"अरे देवा! ऑर्व्हिल, पिठाच्या पोत्यात पडलास की काय?"

मी तपासाची सगळी हकिगत सांगितली.

"लिहिलं ती बाजू पांढरी होती की करडी?"

"करडी."

"आणि भिंतीवर बाहेर कुठली बाजू येते?"

तीक्ष्ण नजरेच्या माणसाला अशा प्रश्नाला वेळ लागतो.

"पांढरी," मी म्हणालो.

"मग ते आत आहे, शहाण्या."

तक्ते दुकानातून जोडीने येतात, तोंडाला तोंड लावून, पाठी बाहेर. मार्लिसने समोर दिसली त्या पाठीवर लिहिलं. ठोकताना पाठीकडे मी पाहिलंच नाही.

उतरत्या छपराखालच्या बुटक्या भिंतीला सामान ठेवायचं दार आहे. व्हर्ना बॅटरी घेऊन त्यातून भिंतीच्या मागे रांगत गेली आणि तिने थंडी अडवायला भरलेला कापूस बाजूला केला.

"अक्षरं खाली डोकं वर पाय आहेत. तक्ता उलटा ठोकलायस," ती आतून म्हणाली.

"वाच ना."

"मशीन खिडकीशी. कापड कोपऱ्यात. इथे ऑर्व्हिलची खुर्ची. बोलायचं नाही, नुसतं बसायचं."

मग बराच वेळ ती बाहेर आली नाही. मी दाराशी जमिनीवर बसलो.

पुट्टीचा तिसरा हात बाकी आहे. रंग बाकी आहे. खुर्ची अजून खालीच आहे.