आधी झाड पाहा

आमच्या समोरचा दिलीप रामटेके भिंतीतला खिळासुद्धा चौकशी केल्याशिवाय काढू देत नाही. एकदा मी अंगणातली जुनी तार तोडायला पक्कड घेऊन उभा होतो. तो रस्ता ओलांडून आला.

"थांबा सर. हिच्या भरवशावर कोण कोण आहे, ते पाहू द्या."

पाहिलं, तर तारेवर शेजारणीचा दोडक्याचा वेल निघाला.

आमच्या कुडवा गावातल्या घरी बसून तो एका कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. त्यानंच मला समजावलं, की कुठलाही प्रोग्राम एकट्याच्या बळावर चालत नाही. त्याच्याखाली दुसऱ्यांनी लिहिलेली छोटी छोटी पॅकेजेस असतात, त्यांच्याखाली आणखी. एक अपग्रेड करावं, तर भलतंच बंद पडतं. म्हणून कोण कोणावर अवलंबून आहे, याचं झाड काढून दाखवणारं टूल तो वापरतो. जे मोडणार, ती फांदी लाल होते. "आधी झाड पाहा" हे त्याचं पालुपद.

ते पालुपद घेऊनच तो मुलगी पाहायला गेला. चहा-पोहे झाल्यावर तिला म्हणाला, "तुम्ही इकडं आल्या, तर तिकडं कोणाचं काय अडते?" मुलगी विचारात पडली. तिचे मामा बाहेर येऊन म्हणाले, "ये लडका है के इन्क्वायरी?"

लग्न जमलं नाही. दिलीपला त्याचं वाईट वाटलं नाही. "तिच्या आजीले डोयानं दिसत नाही, सर. तिचं औषधपाणी हेच पोरगी पाहते. बरं झालं विचारलं."

माझी पत्नी सुनंदा रोवण्याची गाणी गोळा करायची. भाताची रोपं लावताना बाया म्हणतात ती. गावोगाव फिरून तिनं ती रेकॉर्ड केली आणि ऐकण्यासाठी दिलीपनं तिला एक छोटा प्रोग्राम करून दिला. प्रत्येक गाण्याआधी ती गावाचं नाव सांगे. ती गेल्यावर तिचा आवाज माझ्याकडे तेवढाच उरला.

मागच्या महिन्यात कॉम्प्युटरनं विचारलं, अपग्रेड करू का? त्या दिवसांत कोणालाच नाही म्हणायचं बळ माझ्यात नव्हतं. मी हो दाबलं. प्रोग्राम उघडेना.

दिलीप अर्धी दाढी केलेलाच आला. "काऊन दाबलं, सर? मले आवाज द्याचा होता."

त्यानं झाड काढलं. गाणं वाजवणारं पॅकेज ज्या जुन्या पॅकेजवर उभं होतं, तेच अपग्रेडनं बदललं होतं. लिहिणाऱ्यानं ते केव्हाच सोडून दिलेलं. दुपारभर शोधून त्यानं जुनं मिळवलं आणि नव्याला धक्का न लावता बाजूला बसवलं. "दोघी जावा आहेत, सर. घर एक, चुली दोन."

सुनंदाचा आवाज आला. मी चष्मा पुसत बसलो. थोड्या वेळानं तो म्हणाला, "एक मी लावू का?"

त्यानं न शोधता एक गाणं लावलं. म्हातारीचा आवाज, मध्येच खोकला. गाणं संपल्यावर ती सुनंदाला म्हणाली, "झालं का बाई तुमचं? आता जेवून जा. भात उतरवून राहिली मी."

"माय आहे," दिलीप म्हणाला.

त्याची आई गेली तेव्हा मी त्याच्याकडे बसायला गेलो होतो. पण तिचं गाणं आमच्या घरात आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

त्यानं ते पुन्हा लावलं नाही. मग म्हणाला, "सर, तुमच्याकडं भात असन का थोडा?"

सकाळचा होता. मी गरम करायला ठेवला आणि दोन ताटं काढली.