तात्यासोंचं एकाशन

"पायाखालची वाट कशाला म्हणतात, ते उद्या तुम्हाला दाखवतो!" असं जयपाल मगदूमनं सासऱ्याला छाती ठोकून सांगितलं, तेव्हा त्या वाटेवर त्याचा पाय जन्मात एकदाही पडलेला नव्हता. पण तो खोटं बोलत होता असंही नाही. शिवाजी पेठेतल्या एका खाजगी सर्वेयरकडं तो अकरा वर्षं नकाशे ट्रेस करत होता. पन्हाळ्यापलीकडचा एकूण एक ओढा, टेकडी, पायवाट त्याच्या पेनाखालून गेली होती. पायाखालून जायचीच तेवढी राहिली होती!

सासरे तात्यासो इचलकरंजीहून चार दिवस राहायला आले होते. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेला माणूस. कापडाला नुसतं बोट लावलं की सूत कितीचं ते सांगायचे. पण दिवसभर खुर्चीत बसून रेघा मारणारा आपला जावई नक्की करतो काय, हे त्यांना लग्नाला नऊ वर्षं होऊनही उमगलं नव्हतं. दर खेपेला ते मायेनं विचारायचे, "मग पावणं, अजून रेघाच व्हय?" ते जयपालला फार झोंबायचं. यंदा त्यानं ठरवलं, याच रेघांवरून सासऱ्याला चालवून आणायचं.

बेत झकास होता. थंडीचे दिवस, पोरीला सुट्टी. एस्टीनं फाट्यावर उतरायचं, रानातून रमतगमत कड्यावर जायचं, तिथून लांबवरचा समुद्र बघायचा आणि तीनच्या ठोक्याला पलीकडच्या गावात बायकोच्या, अंजनाच्या, आत्याकडं पानावर बसायचं.

अंजनानं तिथंच शंका काढली. "अवो, उद्या अष्टमी हाय. तात्यांचं एकाशन असतंय. दिवसातनं एकदाच जेवायचं, पाणीबी तवाच. दिवस मावळला की मग दुसऱ्या दिवशी ऊन पडंपतूर थेंब न्हाय. आजच्या सांजंपासनं त्यांच्या पोटात कायबी नसणार."

"तीनला आत्याच्या दारात! सूर्य मावळतोय सहाला!"

तरी अंजनानं पिशवीत दशम्या आणि तात्यासोंचं पाणी गाळायचं फडकं घातलंच; जैन रिवाजाप्रमाणं ते न गाळलेलं पाणी पीत नसत. पण मोकळ्या हातानं चालण्यातच मजा असते म्हणून जयपालनं फाट्यावर उतरताना ती पिशवी एस्टीच्या ड्रायव्हरकडं दिली, आत्याकडं पोचवायला. पिशवी बरोबर पोचली. त्या दिवशी आत्याकडं पोचली ती एवढीच.

फाट्यावर जयपालनं झोकात नकाशा उलगडला. घरी बसून, उरलेल्या ट्रेसिंगच्या कापडावर त्यानं तो खास काढला होता. हे कापड खळ देऊन कडक केलेलं असतं आणि त्यातून आरपार दिसतं. कचेरीत नावं लिहायचं काम दुसऱ्या कारकुनाचं, त्यामुळं सवयीनं याच्यावरही नुसत्या रेघाच होत्या.

"बघू तरी, सूत कसलं हाय," तात्यासोंनी हात पुढं केला.

"हात नका लावू तात्यासो! घामानं खळ सुटते!"

तात्यासोंनी हात मागं घेतला. खळ म्हणजे काय ते आपल्या बापाला आपला नवरा शिकवतोय हे बघून अंजना तोंडाला पदर लावून हसली.

मारुतीच्या देवळापाशी वाट फुटली. नकाशा म्हणत होता, उजवीकडं. समोरून मोळी घेऊन एक बाई आली. "पावणं, हिकडं कुठं? हिकडं वाट न्हाय म्होरं."

"आहे, बाई! आमच्या नकाशात आहे!"

बाईनं नकाशाकडं बघितलं, मग जयपालकडं बघितलं आणि मोळी सावरून निघून गेली.

पुढं खरोखरच वाट नव्हती. करवंदीच्या जाळ्या होत्या. तात्यासोंचं धोतर तीनदा अडकलं, अंजनाची चप्पल तुटली. पण पोटात अन्न नसलेले तात्यासो एका शब्दानं कुरकुरले नाहीत. जावयाला तोंडावर चुकलास म्हणायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत! त्या रीतीनंच पुढं घात केला.

तीन वाजले. आत्याचं घर दिसेना, पण उताराच्या टोकावरून खाली लांबवर चकाकणारी एक पट्टी दिसली.

"समुद्र!" जयपाल ओरडला. "बघा तात्यासो! बोललो होतो की नाही?"

तात्यासोंनी भक्तिभावानं हात जोडले. सात वर्षांच्या त्रिशलानं टाळ्या पिटल्या आणि मग डोळे बारीक केले. "बाबा, समुद्रात म्हशी असत्यात?"

असत्यात कशाला, होत्याच! एक उठली, तिनं अंग झाडलं आणि समुद्रातून बाहेर येऊन चरायला लागली.

तात्यासो हळूच म्हणाले, "पावणं, चुकलं म्हणत न्हाय मी. पण समुद्र मावळतीला की वो? सूर्व्या तर आपल्या पाठीवर हाय."

"हिवाळ्यात तो थोडा सरकतो," जयपालनं ठोकून दिलं. बोलला आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

पाच वाजून गेले. आता तात्यासो काठी टेकत दर दहा पावलांना थांबत होते. अंजना बोलायची बंद झाली होती आणि ती बोलत असली की जयपालला जेवढी भीती वाटायची, त्याच्या दुप्पट आता वाटत होती. सासऱ्याला दाखवायला निघालो काय आणि म्हाताऱ्याला दोन रात्रींमधला अख्खा दिवस उपाशी ठेवतोय काय! त्याला स्वतःचीच लाज वाटली. तेवढ्यात उसाच्या फडापलीकडं धूर दिसला. गुऱ्हाळ!

गुळव्या मीरासाब रसाच्या काहिलीपाशी उभा होता. अंजनानं दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्यानं आधी सूर्याकडं बघितलं. "आमचं मालक जैनच हाईत की! अष्टमीचं मला काय सांगतासा? केळी हाईत, आत्ता काढलेलं दूध हाय, गूळ तर काहिलीभर! बसा, दोन हात दिवस हाय अजून."

"आणि पाणी?" तात्यासोंनी कोरड्या ओठांनी विचारलं.

"हीर हाय. पर तुमास्नी गाळल्यालं लागतंय. माझी फडकी समदी गुळानं चिकाटल्यात."

"माझा पदर..." अंजना म्हणाली.

"नेसलेलं चालत न्हाय, बाळ."

सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकायला आला. तात्यासोंची नजर फिरत फिरत जयपालच्या काखेतल्या गुंडाळीवर थांबली.

"पावणं, आता लावू का हात?"

जयपालनं नकाशा दिला. तात्यासोंनी अंगठ्यानं कापड चोळलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "सूत नामी हाय! पण दिवसभर तुमी उलटं धरलंयसा की वो. चकचकीत अंग वर, शाईचं भुरकं अंग खाली."

जयपाल बघतच राहिला! भुरक्या, म्हणजे बिनचमकीच्या अंगावर काढायचं, भुरकं अंग वर धरून वाचायचं, हे तर पहिल्या दिवशी शिकवतात. अकरा वर्षांच्या अनुभवी माणसानं अख्खा दिवस नकाशा मागच्या बाजूनं वाचला होता. डावीकडची वाट उजवीकडं आली होती, समुद्र उगवतीला गेला होता आणि आत्या भलत्याच दिशेला स्वयंपाक करून बसली होती.

अंजनानं कापड तीन पाण्यांतून खळबळून काढलं. खळ सुटली तशी शाईही सुटली. ओढे, टेकड्या, पायवाटा, कडा, सगळं पाटाच्या पाण्याबरोबर उसाला गेलं. हातात उरलं पांढरंशुभ्र मऊ फडकं. मीरासाबनं पाणी शेंदलं, अंजनानं दुहेरी घडी करून गाळलं आणि तात्यासो जेवायला बसले.

एवढ्या टक लावून कुणाचं जेवण कुणी बघितलं नसेल! त्रिशला सूर्यावर पहारा करत होती. शेवटचं केळं संपलं, तात्यासोंनी तांब्याभर पाणी प्यायलं, तोंड धुतलं, हात जोडले आणि सूर्य फडाआड गेला. जयपालनं सुटकेचा एवढा मोठा श्वास टाकला, की मीरासाबचा बैल बिचकला.

मीरासाबनं गाडी जुंपली. तात्यासोंनी फडकं पिळलं, झटकलं, उजेडाकडं धरून बघितलं, घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवलं आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच जावयाकडं कौतुकानं बघितलं.

"पावणं, तुमच्या हपिसात माल एक नंबर असतोय हो! पुढच्या खेपंला दोन वार घिऊन या."

जयपालची छाती फुगली. "आणतो की, तात्यासो!"

"पण त्येच्यावर काय काढू नका."