ग्रंथी नॉर्मल असल्याबद्दल खुलासा

शिक्का विभागातल्या बाई दिवसाला चारशे अर्जांवर शिक्के मारत. विभागाची सरासरी नव्वद होती. ही तफावत वरिष्ठांच्या निदर्शनास आली, तेव्हा बाईंचा फोटो जिन्यात लावण्यात आला.

घरी आल्यावरही बाईंचे हात थांबत नसत. बशीत कप असा वाजे की नणंद म्हणाली, "वहिनी, चहा पिताय की शिपायाला बोलावताय?" बाई हसल्या. पण वजन उतरलं होतं, झोप उडाली होती, आणि छातीत कुणीतरी रिकाम्या उखळात मुसळ घालत होतं. नणंदेनं हाताला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "गळ्यातली थायरॉइड ग्रंथी उतू चाललीय. तिच्या रसानं हृदयाच्या पेशींवर ॲड्रेनलिनच्या, म्हणजे धोक्याच्या निरोपासाठी खिडक्या वाढतात. निरोप पूर्वीएवढाच येतो, पण तो घेणाऱ्या खिडक्या जास्त."

"म्हणजे साहेब हळू ओरडले तरी?"

"तुमच्या हृदयाला आग लागल्याचं कळतं. एक गोळी त्या खिडक्या अडवेल, दुसरी ग्रंथीला आवरेल. नाही घेतल्या तर हृदय थकून बसेल. हसण्यावारी नेऊ नका."

बाई नियमाच्या पक्क्या. गोळ्या सुरू करण्याआधी त्यांनी कार्यालयाला लेखी कळवलं. तिथेच चुकलं.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "वेग ग्रंथीमुळे आहे ना? ग्रंथी कार्यालयीन वेळेत चालते ना? मग ती कार्यालयाची साधनसामग्री झाली. परस्पर दुरुस्ती करता येणार नाही."

"साहेब, ती माझ्या गळ्यात आहे."

"ताबा तुमच्याकडे आहे, हे मी कुठे नाकारतोय?"

पाठोपाठ सर्वांचं रक्त तपासण्याचा आदेश निघाला. एकतीस जणांचे अहवाल ठणठणीत आले. एकतीस नोटिसा निघाल्या: 'आपली ग्रंथी नॉर्मल असल्याचे आढळून आले आहे. तीन दिवसांत खुलासा करावा.' शेजारच्या टेबलावरच्या भाऊंनी लिहून दिलं, 'आईवडिलांनी दिली तशीच वापरत आहे. यापुढे सुधारणा करीन.'

गोळ्यांच्या परवानगीसाठी बाईंनी केलेला अर्ज मात्र या समितीकडून त्या समितीकडे फिरत राहिला. तिसऱ्या समितीनं शेरा मारला: 'अर्जदाराचे हृदय अद्याप चालू असल्याने निकड दिसून येत नाही.'

दुसऱ्या महिन्यात बाईंना जिन्यात, स्वतःच्याच फोटोखाली, धाप लागून बसावं लागलं. नणंदेला कळलं तशी ती कडाडली, "परवानगी मी देते, वहिनी! मोठी आलीय समिती!" आणि तिनं गोळ्यांची डबी वहिनीच्या पर्समध्ये कोंबली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाईंनी आपली खिडकी अर्धी ओढली आणि पाण्याची बाटली उघडली. बाहेर लांबच लांब रांग होती.

"अहो बाई, गोळ्या घरी घ्यायच्या ना!"

"दोनच मिनिटं, दादा."

"आम्हाला काय दुसरी कामं नाहीत?"

त्या दोन मिनिटांत तक्रार लिहून झाली, रांगेतून फिरली आणि साहेबांच्या टेबलावर पोचली. साहेबांनी ती बाईंच्या अर्जाला जोडली, 'जनतेची हरकत' असा शेरा मारला आणि अर्ज निकालात काढला. गोळ्यांची डबी कार्यालयात जमा झाली.

तक्रारीवर एकोणीस सह्या आहेत. अठराव्याचं पेन अडलं, तेव्हा तुम्ही आपलं पुढे केलंत, आणि घाईत होतात ना, वर काय लिहिलंय ते न बघता त्याच्याखाली आपलीही ठोकलीत.