सुमेधाताईंची पाटी

क्षिप्रा काळ्या ग्रॅनाइटची पाटी घेऊन रिक्षातून उतरली, तेव्हा सौमित्र पेंडसे ‘शिरीष’ सोसायटीच्या फाटकाशी बिल्डरच्या माणसाची वाट बघत उभा होता. तो सोसायटीचा सेक्रेटरी. डोंबिवली पूर्वेतल्या या गळक्या, बिनलिफ्टच्या इमारतीचं रीडेव्हलपमेंट व्हावं म्हणून त्याने संसाराकडे पाठ फिरवली आहे, असं त्याची बायको हेमांगी म्हणायची आणि ते खरंच होतं. सगळ्या सभासदांच्या सह्या आता कुठे जमत आल्या होत्या.

पाटीवर सोनेरी अक्षरांत कोरलं होतं, ‘या वास्तूत ज्येष्ठ कथालेखिका सुमेधा वर्तक राहतात.’ क्षिप्राच्या साहित्य मंडळाने ठाण्यातल्या कोपरीपासून पार शहाडपर्यंत आपल्या भागातल्या लेखकांच्या घरांवर अशा पाट्या लावायचं ठरवलं होतं. ठरवल्यावर अडचणी लक्षात आल्या. काही लेखक वारले होते, काहींची घरं पडली होती, आणि एका कवीच्या घराच्या जागी मोबाईलचं दुकान होतं. दुकानदार पाटीला तयार होता, फक्त खाली दिवाळीची ऑफरही कोरा म्हणत होता. हयात लेखिका आणि उभी इमारत असा योग एकट्या सुमेधाताईंच्या बाबतीत जुळत होता.

क्षिप्राच्या तोंडून “उभी इमारत” हे शब्द ऐकून सौमित्रने काळजीने एकदा वर बघितलं. मग त्याने पाटीचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली नमस्काराचे दोन हात. इथेच त्याचं चुकलं.

तळमजल्यावरच्या नयनने लगेच लिहिलं, “भाई लोग, वाट लागली. अशी पाटी लागली की बिल्डिंग हेरिटेज होते. मग पाडायचं सोडा, खिळा पण ठोकता येत नाय.” नयनला हे कोणी सांगितलं, ते कुणी विचारलं नाही. शिरीषमध्ये वाईट बातमीचा उगम विचारायची पद्धत नव्हती. जेवणं होईपर्यंत सगळ्या मजल्यांचा त्यावर विश्वास बसला होता आणि पुण्याच्या नातेवाइकांचे सांत्वनाचे फोनही येऊन गेले होते.

घाईघाईने गच्चीवर मीटिंग भरली. “ताई ज्येष्ठ आहेत याबद्दल वाद नाही,” सौमित्र म्हणाला. “वयाने. पण लेखिका म्हणून तेवढ्या मोठ्या आहेत का, हा मुद्दा आहे.” नसतील, तर मंडळाला तसं गोडीत कळवायचं आणि पाटी दुसऱ्या कुणाच्या घरी पाठवायची, असा त्याचा बेत होता. मग ताईंचं नेमकं काय काय वाचलंय, अशी विचारणा झाली आणि सगळेजण समोरच्या इमारतीच्या टाकीकडे बघू लागले. पुस्तकं घरोघरी होती. नवं पुस्तक आलं की ताई सही करून सगळ्यांना एकेक प्रत द्यायच्या, सोबत पेढे. पेढे दर वेळी संपले होते.

शेवटी असं ठरलं, की प्रत्येकाने आपापली पुस्तकं शोधायची आणि रविवारपर्यंत ती सुमार असल्याची खात्री करून घ्यायची.

या मीटिंगला स्वतः सुमेधाताई नव्हत्या. गुडघ्यांमुळे त्या दिवाळीपासून तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरल्याच नव्हत्या. गॅलरीतून दोरीने पिशवी सोडायची, भाजीवाला देईल ते वर ओढायचं, असं चाललं होतं. रीडेव्हलपमेंटच्या कागदावर सगळ्यात पहिली सही त्यांची होती, कारण नव्या इमारतीत लिफ्ट येणार होती. “मला फक्त एकदा खाली जाऊन स्वतःच्या हाताने वांगी निवडायची आहेत,” असं त्यांनी सौमित्रला सांगितलं होतं. ते आठवलं की सौमित्रचा जीव आणखी कासावीस व्हायचा. ताईंना लिफ्ट मिळवून द्यायची तर ताई लेखिका म्हणून किरकोळ ठरायला हव्या होत्या.

पुस्तकं सापडली. कुणाच्या घरात ती वॉशिंग मशीनच्या डुगडुगत्या पायाखाली होती, कुणाच्या माळ्यावर आकाशकंदिलाच्या खोक्यात. धाकूशेठच्या घरी ती देव्हाऱ्यात होती, हळदकुंकू लावलेली. धाकूशेठ म्हणजे नयनचे वडील. शिरीष उभी राहिली ती जमीन मूळची त्यांची. कधीकाळी तिथे त्यांची भातशेती होती.

दोन दिवसांत इमारतीत चमत्कारिक शांतता पसरली. मालिकांचे आवाज बंद झाले. किती वाईट आहे गं, असं सौमित्रने हेमांगीला विचारलं, तर तिने पुस्तकातून मान वर न करता त्याला गप्प केलं. एका कथेत एक बाई होती. शेजारी काय चाललंय ते बघायला ती वाटीभर साखर मागायला जायची, आणि साखर घरी न्यायलाच विसरायची. ही बाई म्हणजे चौथ्या मजल्यावरची चित्रा, याबद्दल हेमांगीला शंका नव्हती. चित्राला ती हेमांगी असल्याबद्दल नव्हती. दोघींनी एकमेकींकडे साखर मागणं बंद केलं, आणि कथा मात्र प्रत्येकीने बहिणीला फोनवर वाचून दाखवली.

धाकूशेठचा प्रकार वेगळा होता. त्यांना एका कथेत एक म्हातारा सापडला, जो रोज सकाळी पार्किंगमधल्या एका कोपऱ्यात विनाकारण उभा राहतो, कारण तिथे पूर्वी त्याची विहीर होती. धाकूशेठ रोज तिथेच उभे राहायचे. हे त्यांनी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. ती कथा त्यांनी नयनकडून दोनदा वाचून घेतली आणि मग बराच वेळ डोळे पुसत बसले.

सौमित्रने ताईंची सगळी पुस्तकं वाचून काढली. कथा त्याला आवडल्या, हे त्याला मान्य करावं लागलं. पण कुठल्याच कथेत सेक्रेटरी नव्हता. इतकी वर्षं पाण्याच्या टाकीपासून उंदरांपर्यंत सगळं आपण निस्तरलं आणि ताईंना आपण दिसलोच नाही, हे त्याला फार लागलं.

रविवारची मीटिंग ताईंनीच आपल्या दारात बोलावली. इमारतीत काहीतरी शिजतंय हे त्यांना गॅलरीतून कळलंच होतं. मंडळी जिन्याच्या पायऱ्यांवर बसली आणि क्षिप्रा पाटी मांडीवर घेऊन कठड्याशी टेकली.

“मला कळलंय सगळं,” ताई खुर्चीत बसून म्हणाल्या. “सौमित्र, लिहून घे. मी काही मोठी लेखिका नाही. चार गोष्टी लिहिल्या, झालं. पाटी दुसरीकडे द्या आणि मला लिफ्ट द्या.”

सौमित्रला जे हवं होतं तेच हे होतं. तरी त्याचं पेन हलेना. तेवढ्यात खालच्या पायरीवरून धाकूशेठ उठले.

“ताय, ते तुमी नाय ठरवायचं,” ते म्हणाले. “माजी हीर तुमीच राखली. बिल्डिंग नाय पडली तरी चालंल. पाटी लागंल.”

“अहो धाकूशेठ, माझे गुडघे,” ताई म्हणाल्या.

“मी खांद्यावर बसवून नेतंय भाजीला.”

मग सगळेच बोलू लागले. ताई आपण सामान्य असल्याचं कळवळून सांगत होत्या आणि अख्खा जिना त्यांना खोडून काढत होता. हेमांगी आणि चित्रा बऱ्याच दिवसांनी एका बाजूने भांडत होत्या. शेवटी सौमित्रने ठराव वाचला, की सुमेधाताई वर्तक या मोठ्या लेखिका आहेत आणि याबाबत त्यांचं स्वतःचं मत विचारात घेऊ नये. ठराव ताईंचा विरोध नोंदवून मंजूर झाला.

“पण हेरिटेजचं काय करायचं?” नयनने हळूच विचारलं.

“कसलं हेरिटेज?” क्षिप्रा म्हणाली. “आमच्या मंडळाला ऑफिसला स्वतःची खोली नाही. आमच्या पाटीने इमारत हेरिटेज कशी होईल? चार स्क्रूवर लागते, चार स्क्रू काढले की निघते.”

सगळ्यांनी नयनकडे बघितलं आणि नयनने मोबाईलकडे.

पाटी लागली. पावसाळ्यानंतर इमारत पाडायला घेतली, तेव्हा सौमित्रने स्वतः चार स्क्रू काढले आणि पाटी ताईंच्या सामानाबरोबर टेम्पोत चढवली. नवी इमारत होईपर्यंत ताईंसाठी त्याने शहाडला तळमजल्यावर भाड्याची जागा बघून दिली होती. ताई आता रोज कोपऱ्यावर जाऊन वांगी निवडत होत्या आणि भाजीवाल्याशी मनसोक्त वाद घालत होत्या. पाटी त्यांच्या दाराशी भिंतीला टेकून उभी होती.

एका संध्याकाळी सौमित्र ताईंकडे बसला असताना बेल वाजली. दारात तिथल्या सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. पाटीकडे बघत त्यांनी घाम पुसला. “ताई, राग मानू नका. पण आमची बिल्डिंगही रीडेव्हलपमेंटला चाललीय. तर तुम्ही लेखिका म्हणून अगदी तेवढ्या... म्हणजे...”

“मोठ्या आहेत,” सौमित्र म्हणाला. “आम्ही ठराव केलाय.”

ताईंनी पाहुण्यांना बसवलं, पेढा दिला आणि हातात एक पुस्तक ठेवलं. पाहुण्यांनी ते जपून उघडलं. “यात आमच्या बिल्डिंगबद्दल काही आहे का?”

“अजून नाही,” ताई म्हणाल्या. “सध्या एका सेक्रेटरीवर लिहितेय.”

दोन्ही सेक्रेटरी एकदम ताठ बसले.